सायकलच्या ट्यूबची पद्धत

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त झालो तेव्हा शाळेनं आठवणी लिहून मागितल्या होत्या. मी मैदानाच्या लिहिल्या, सामन्यांच्या लिहिल्या, पावसाळ्यात कुजून आडव्या झालेल्या खांबांची गंमत लिहिली आणि ही एवढी गाळली. बायकोलाही कधी बोललो नाही आणि आता ती नाही. पुढंही टाळलंच असतं, पण गेल्या उन्हाळ्यात रामनगरला माझा सत्कार झाला, आणि तिथं जे पाहिलं त्यानंतर मला माझीच किळस यायला लागली आहे. शिवाय एका बाईच्या नावावर या तालुक्यात एक खोटी गोष्ट चालते. ती गोष्ट मी चालू केली. ती खोटी आहे, हे तरी माझ्या हातून लिहून व्हावं.

सत्कार माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठेवला होता. उन्हाळी सुटीत नवशिक्या मुलामुलींसाठी व्हॉलीबॉलचं शिबिर, आणि त्याचं उद्घाटन माझ्या हस्ते. मैदानाच्या तोंडाला मोठा फ्लेक्स. त्यावर माझा जुना फोटो, केस काळे केलेले, गळ्यात शिट्टी. गोव्याकडं जाणारे ट्रक धूळ उडवत जात होते, ती धूळ त्या फोटोवर बसत होती आणि एक पोरगा मधूनमधून ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होता. मला शाल घातली. आतून नायलॉनची, घामानं मानेला चिकटणारी. भाषणं झाली. गुरुवर्य, शिस्त, जंगलातल्या पोरांना ज्यांनी खेळ दाखवला ते. मी हात जोडून बसलो होतो. स्तुती ऐकताना माणसाचा चेहरा किती मवाळ होतो ते मला नंतर मोबाइलवरच्या फोटोंत दिसलं. ते फोटो मी पुसून टाकले.

मग प्रशिक्षकानं मुलांना अर्धगोल उभं केलं. तो माझाच विद्यार्थी, आता स्वतः शाळेत पीटी मास्तर. माणूस वाईट नाही. पहिला धडा अंडरहँड पासचा. गुडघे वाकवा, एक हात दुसऱ्या हातात ठेवा, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, कोपर ताठ. बॉल मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या सपाट भागावर घ्यायचा. हात हलवायचे नाहीत, पायांनी उचलायचं. सगळं बरोबर सांगत होता. मी सांगत असे तसंच, माझ्याच शब्दांत.

नंतर त्यानं पिशवीतून सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या काढल्या.

“ही आमच्या सरांची पद्धत,” तो माईकवर म्हणाला. “हात उघडत असतील तर बांधायचे. चार दिवसांत वळण लागतंय.”

मुलं हात पुढं करून रांगेत उभी राहिली. तो एकेकाचे हात कोपराच्या खाली बांधत गेला. पुढच्या रांगेत एक बारकी पोरगी होती. तिनं बांधलेल्या हातांनी नाक खाजवायचा प्रयत्न केला आणि सगळे हसले. मीही हसलो. लोक हसताना आपण गप्प बसलो तर दिसून येतं, म्हणून.

आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली.

“सरांच्या टायमाला एक पोरगी हुती, गुंदकडची. लई चपळ. पण आडमुठी. सर सांगत हुते, तेवढ्या बॉलाला जाऊ नको. ऐकली न्हाई. पडली, हात मोडून घेतली, शाळा बी गेली. म्हणून पयलं ऐकायचं, मग खेळायचं.” आणि माझ्याकडं वळून, “खरं न्हवं, सर?”

मी मान हलवली.

आता खरं सांगतो.

आमची शाळा तेव्हा साधी होती. मैदान म्हणजे तांबड्या खडीची सपाटी, कडेला जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंतीची गडग, पलीकडं जंगल. बॉल एकदा गडगेपलीकडं गेला की पोरं काठी आपटत आत शिरायची. मी मूळचा खानापूरकडचा, रामनगरला वाढलेला. मला ही डोंगरातली पोरं आळशी वाटायची. तशी ती नव्हती. ती दमलेली असायची, कारण घरचं काम करून आणि बरंच चालून शाळेत यायची. मला फरक कळत नव्हता, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

ती पोरगी कुळवाड्याची. लांब हात, मोठे पंजे. बॉल कुठं पडणार ते तिला इतरांच्या आधी कळायचं. हे शिकवून येत नाही. मी जन्मभर पोरं पाहिली, तशी नजर फार थोड्यांत असते. ती तिला कुठून आली तेही मला ठाऊक होतं. भातकापणीनंतर खळ्यावर उडवी रचतात तेव्हा खालून एक जण पेंढ्या वर फेकतो आणि वर उभा असलेला त्या झेलून रचत जातो. तिच्या घरी वर तीच उभी राहायची. एकदा सुगीच्या दिवसांत त्या वाटेनं जाताना मी थांबून पाहिलं होतं. उडवी माणसापेक्षा उंच झालेली, पायाखाली पेंढा घसरतोय, आणि ही दोन्ही हात पसरून, कोपरं वाकवून पेंढी छातीशी ओढून घेते, की लगेच दुसरी. एकही खाली पडू देत नव्हती. पेंढी आपटली तर दाणे झडतात. म्हणून ती हात मऊ ठेवून, जवळ ओढूनच घ्यावी लागते.

बॉलही ती तसाच घ्यायची. हात उघडे, कोपरं वाकलेली, आणि बॉल छातीशी. व्हॉलीबॉलमध्ये तो फाऊल. बॉल धरला म्हणून शिट्टी. तिच्या गावच्या बाकीच्या पोरीही हीच चूक करायच्या, फक्त त्यांचा बॉल सुटायचा आणि हिचा कधी सुटायचा नाही. म्हणून हिची चूक जास्त दिसायची.

आज मला कळतं, अशा पोरीला पहिल्यांदा झेलूच द्यायचं असतं. जवळून हलका बॉल टाकायचा, झेलून परत टाकायला लावायचा. पाय आणि नजर तयार होतीलच, तिची तर झालेलीच होती. मग हळूहळू कोपर सरळ करायला सांगायचं. थोड्या दिवसांत झालं असतं. पण तालुक्याच्या सामन्यांना थोडेच दिवस उरले होते, आणि मला ढाल पाहिजे होती. ती पितळी ढाल हेडमास्तरांच्या खोलीत टांगलेली असावी आणि तिच्याखाली आपण उभं राहावं, एवढी माझी भूक. आज तिची शिसारी येते.

त्या पोरीला काय पाहिजे होतं तेही मला ठाऊक होतं. सातवीनंतर तिला घरी बसवायचं ठरत आलं होतं. मी तिच्या बापाला सांगून ठेवलं होतं, टीममध्ये आली तर मी हेडमास्तरांना बोलून हॉस्टेलला जागा करतो, हायस्कूल पुरं करू दे. बाप कबूल झाला होता. म्हणजे तिची शाळा त्या अंडरहँड पासवर टांगलेली होती. ती माझ्या पुढं पुढं करायची नाही, पण सगळी गेल्यावर गडगेवर बॉल मारून एकटीच सराव करत राहायची. तेव्हाही हात उघडायचे. मग ती स्वतःच्याच हातांवर चापटी मारायची. ते मी पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं, पोरगी शिस्तीला लागली म्हणून.

एका दुपारी मी माझ्या सायकलची जुनी ट्यूब कापली आणि तिचे हात बांधले. घट्ट. मी तिला मुद्दाम लांबचे बॉल टाकत होतो, एक डावीकडं, एक उजवीकडं. बांधलेले हात ताठ राहत होते आणि बॉल सुरेख वर येत होता. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. बाकीच्या पोरी बघत उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो, “बघा, बैलाला वेसण घातली की कसा चालतो.” त्या हसल्या नाहीत. मी त्यांना पाणी प्यायला पाठवलं आणि टाकत राहिलो.

एक बॉल फार लांब गेला, गडगेच्या बाजूला. ती थांबली. तिला कळलं होतं की तो मिळणार नाही. तिला असलं कळायचं, हे मी वर सांगितलंच. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी ओरडलो, “बघतीस काय, जा!”

हेच खरं आहे. जाऊ नको असं मी म्हणालो नाही. मी जा म्हणालो.

ती धावली, झेपावली आणि पडली. पडताना माणूस हात पुढं टाकतो. तिला टाकता आले नाहीत. दोन्ही हात तिच्याच अंगाखाली गेले आणि हनुवटी खडीवर घासली. ती ओरडलीही नाही, नुसती श्वास घेत राहिली. मी धावत गेलो, आणि पहिलं काम काय केलं? तिला उचललं नाही. ट्यूब सोडली आणि खिशात घातली. मग शिट्टी मारून पोरींना बोलावलं. डावं मनगट तेवढ्यात सुजायला लागलं होतं. पोरी यायच्या आत मी तिला म्हणालो, ट्यूबचं घरी कुणाला सांगू नको, पोरींनाही मी दटावून ठेवतो, तुझंच नाव खराब होईल. तोंडात माती गेलेल्या पोरीला मी हे सांगितलं.

दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. ट्रक मिळाला असता. पण डॉक्टरनं विचारलं असतं की हात पुढं न टाकता अशी कशी पडली, आणि दोन्ही हातांवर वळ कसले. म्हणून मी घरी निरोप धाडला की मुका मार आहे, वैद्याला दाखवा. वैद्यानं पाला लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड वाकडं जुळलं.

दुसऱ्या दिवशी बाप आला. डोक्याला टॉवेल, पायात काही नाही. शाळेच्या पायरीशी उभा राहिला, वर यायला तयार नव्हता. हेडमास्तर माझ्या शेजारी होते. तो भांडायला आला असेल असं समजून मी मनात वाक्यं जुळवत होतो. तो भांडला नाही. त्यानं एकच विचारलं.

“आवो मास्तर, पोरगी सांगितलेलं ऐकली न्हाई काय?”

तो शब्द त्यानंच माझ्या हातात ठेवला होता. मी म्हणालो, “व्हय.”

“मग तुमचा काय दोष,” तो म्हणाला. आणि टॉवेलात गुंडाळून आणलेली मधाची बाटली त्यानं पायरीवर ठेवली. पोरीनं मास्तरांचं नाव घालवलं म्हणून. हेडमास्तरांनी मान डोलावली. मी ती बाटली घरी नेली. आम्ही तो मध चपातीबरोबर खाल्ला. चांगला होता, गडद, जंगलातल्या फुलांचा. मी तर बोटं चाटून खाल्ला.

पोरगी पुन्हा शाळेत आली नाही. हॉस्टेलची गोष्ट मी काढली नाही, त्यांनीही काढली नाही. ढालही आम्हाला मिळाली नाही, पण त्याचं काही नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर एक खोटं एवढंच. पण पुढं दर वर्षी नवी पोरं यायची, आणि त्यांना पहिल्या दिवशी धाक घालायला मला काहीतरी लागायचं. मी तीच गोष्ट सांगायला लागलो. गुंदकडची एक पोरगी होती, ऐकली नाही, हात मोडला. पोरं गप्प व्हायची. उपयोगी पडते म्हणून मी ती सांगत राहिलो, आणि सांगता सांगता ती चांगली घोटली गेली. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा ते जमलं. तिच्या हाताचा मी धडा केला. आणि ट्यूबही सोडली नाही. एवढंच शिकलो की बांधल्यावर लांबचे बॉल टाकायचे नाहीत. माझे विद्यार्थी मास्तर झाले आणि दोन्ही घेऊन गेले, ट्यूब आणि गोष्ट.

सत्काराच्या दिवशी चहा घेताना मी प्रशिक्षकाला बाजूला घेऊन म्हणालो, त्या पट्ट्या काढ, पोरं पडतील.

तो हसला. “न्हाई पडत, सर. ऐकत न्हाईत ती पडतात. तुम्हीच सांगायचासा न्हवं?”

तिथं सांगता आलं असतं. शाल माझ्या खांद्यावर होती आणि लोक पेढ्यांची ताटली घेऊन येत होते. मी पेढा घेतला.

घरी गेल्यावर ती शाल बादलीत भिजत घातली आणि दोन दिवस तशीच ठेवली, वास येईपर्यंत. मग ठरवलं की गुंदला जायचं. ती पोरगी त्याच बाजूला दिलेली आहे, घर कुठं ते मला माहीत होतं. मला ते नेहमीच माहीत होतं. बसमध्ये मी मनात घोकत गेलो. जा म्हणालो होतो तो मी. हात बांधले ते मी. तुझी काही चूक नव्हती. तुझ्या बापाशी मी खोटं बोललो. मला माफ कर. असं ओळीनं, पोरांना पाढे पाठ करायला लावतात तसं. म्हातारा माणूस खिडकीकडं तोंड करून ओठ हलवतोय म्हणून शेजारची बाई सरकून बसली.

घर वाटेपासून आत, सुपारीच्या झाडांमागं. ती अंगणात बसून कंद साफ करत होती. मला लगेच ओळखलं. केस पिकायला लागलेले, पण नजर तीच.

“मास्तर? तुम्ही व्हय? एवढ्या उन्हाचं?” तिनं पदरानं बाकडं पुसलं. डावा हात वाकडाच होता. त्या हातानं कंद नुसता दाबून धरायचा आणि उजव्यानं सुरी चालवायची, अशी सवय तिनं करून घेतली होती. सुगीत ती आता खाली उभी राहून पेंढ्या गोळा करते, वर तिची जाऊ चढते, हे तिनंच सहज बोलता बोलता सांगितलं. कंद, पाऊस, रानडुकरं असं बराच वेळ चाललं. मी उत्तरं देत होतो.

तेवढ्यात तिची मुलगी आतून आली. आईसारखेच लांब हात. रामनगरचं शिबिर सुरू झालं होतं, तरी तिथं जायचा तिचा हट्ट चालला होता.

“हिला तेवढं सांगा की, मास्तर,” आई म्हणाली. “जा म्हणतो मी. पण मास्तर लोक सांगतील ते ऐकायचं. माझं झालं तसं करून घेऊ नको म्हणतो.”

मी विचारलं, “तुझं काय झालं होतं, आठवतं का?”

“आठवतं की. माझे हात मिटून ऱ्हात नव्हते. तुम्ही किती सांगितलासा. शेवटी तुम्हाला बांधावे लागले.” ती मुलीकडं बघत बोलत होती. “आन वर त्या लांबच्या बॉलाला गेलो. मास्तर नको नको म्हणत हुते. मी ऐकलो न्हाई.”

मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. ती मला वाचवत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. बापानं सांगितलं, गावानं सांगितलं, माझ्या विद्यार्थ्यांनी येऊन जाऊन सांगितलं, आणि माझी गोष्ट तिच्या डोक्यात तिची आठवण होऊन बसली होती. तिचा हात मी मोडला होता हे मला माहीत होतं. तिच्या डोक्यातही मी शिरलोय, हे त्या अंगणात कळलं.

मग तिनं आवाज खाली केला. “ट्यूबाचं मी कुणाला सांगितलो न्हाई हां, मास्तर. आमच्या बापाला बी न्हाई. हात बांधावे लागले म्हणजे किती आडमुठी म्हणतील. आज हिच्या पुढं पयल्यांदा बोललो.”

मुलगी दाराला टेकून माझ्याकडं पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती शिबिराला जाणार होती, आणि तिचे हात कोण बांधणार ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी…”

ती सुरी बाजूला ठेवून थांबली. “काय, मास्तर?”

ती खरंच थांबली होती. घाई नव्हती तिला. मुलगीही ऐकत होती. मी घोकलेलं सगळं तोंडात होतं, पहिला शब्दसुद्धा.

“चहा ठेव,” मी म्हणालो. “साखर कमी.”